नकली असल्याचा दाखला

लालासाहेबांनी तो खंजीर घेतला तो उंब्रजला, आणि घेण्याचं कारण एवढंच की हॉटेलातला चहा गार होता.

भाचीचा साखरपुडा उरकून साताऱ्याला परतताना ते हायवेच्या कडेला थांबले होते. गार चहा परत पाठवला की तो पुन्हा गरम होऊन येईपर्यंत माणसानं करायचं काय? शेजारी 'जुन्या वस्तू मिळतील' अशी पाटी असलेलं एक दुकान होतं. पाटी कोरी करकरीत होती. शहाण्या माणसानं तिथंच सावध व्हायचं. पण लालासाहेबांची सगळी हयात सरकारी नोकरीत जुन्या कामांवर नव्या पाट्या चढवण्यात गेलेली. त्यांना त्यात वावगं असं काही दिसलं नाही.

दुकानदारानं पितळी कंदील आणि भोंगे बाजूला सारून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. "सायेब, ह्यो सगळ्यास्नी दावत न्हाई मी. गोऱ्या कमांडोचा खंजीर हाय. दुसऱ्या महायुद्धातला. तुमच्या डोळ्यांत जाणकारी दिसली म्हून काढला."

लालासाहेबांच्या डोळ्यांत जाणकारी आजवर कुणालाच दिसली नव्हती. खुद्द संयोगिताबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, त्या डोळ्यांत मोतीबिंदूखेरीज काही आढळलं नव्हतं. त्यामुळे चहा गरम होऊन पुन्हा गार झाला, तरी लालासाहेब दुकानातच होते.

"हे काय?" घरी पोचल्यावर संयोगिताबाईंनी विचारलं.

"खंजीर."

"ते दिसतंय. कशाला?"

"संग्राह्य वस्तू आहे."

"आणि भाजी चिरायची सुरी कधीपासून बोथट झालीय, ती संग्राह्य नाही वाटतं?"

लालासाहेब खंजीर पुन्हा फडक्यात गुंडाळू लागले. मोठ्या माणसांना घरात समजून घेणारं कुणी नसतं, हे ते पूर्वीपासून ऐकून होते. फक्त आपणही मोठे आहोत, याचा पुरावा त्यांना पहिल्यांदाच मिळाला.

त्यानंतर ते अभ्यासाला लागले. मोबाइलवर एक दाढीवाला परदेशी मनुष्य लष्करी खंजिरांबद्दल आजारी माणसाजवळ बोलावं तसं हळू आवाजात बोलतो. त्याचे सगळे व्हिडिओ लालासाहेबांनी बघितले. त्यातलं इंग्रजी निम्मं कळलं, आणि निम्मं कळलेल्या विषयात माणसाचा आत्मविश्वास सगळ्यात जास्त असतो. पात्याच्या मधली शीर टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. मूठ जिथं हाताला लागते तिथंच झिजलेली हवी. सगळीकडं सारखी झिजली असेल तर ती कुणीतरी कानशीनं झिजवलेली. गंज काळपट असला तर वयाचा, तांबडा असला तर तेजाबाचा. म्यान आणि खंजीर एकमेकांचे जोडीदार हवेत, दुसरेपणावरचे नकोत. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे वस्तू घासायची नाही. मळ हा वस्तूचा जन्मदाखला. तो पुसला की ती वस्तू बेवारस.

हा शेवटचा नियम संयोगिताबाईंना पटवताना फार त्रास झाला. खंडेनवमीला त्यांनी शस्त्र म्हणून तो खंजीर पाटावर मांडायला घेतला आणि सवयीनं चिंच आणून घासायला बसल्या. लालासाहेब ओरडत स्वयंपाकघरात धावले.

"अगं, मळ काढू नकोस! मळाचीच किंमत असते!"

"मग तुमच्या बनियनला चांगली किंमत येईल," संयोगिताबाई म्हणाल्या आणि न धुतलेल्या शस्त्राला हळदकुंकू वाहून मोकळ्या झाल्या. देवीनं ते कसं घेतलं, कळायला मार्ग नाही. पुढचं सगळं पाहता फारसं चांगलं घेतलं नसावं.

एवढ्यावर थांबले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण विद्या आली की शिष्य लागतात, आणि शिष्य मिळाले नाहीत तर बळी तरी लागतात. साताऱ्यातली त्यांची कॉलनी निवृत्तांची, त्यातही फौजेतून निवृत्त झालेल्यांची. दर दुसऱ्या घराच्या भिंतीवर काहीतरी धारदार लटकलेलं होतंच. कुणाची खुकरी, कुणाची संगीन, कुणाच्या आजोबांची कट्यार. प्रत्येक हत्याराखाली एक खुर्ची आणि प्रत्येक खुर्चीत एक गोष्ट सांगणारा. गोष्ट दरवर्षी थोडी वाढायची. खुकरी तेवढीच राहायची.

लालासाहेब खिशात भिंग आणि लोहचुंबक घेऊन फिरू लागले. चहाला बोलावलं की आधी भिंतीकडं बघायचे, मग चुंबक लावायचे, मग नाकाजवळ धरून हुंगायचे, आणि शेवटी डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात म्हणायचे, "स्मरणवस्तू आहे." म्हणजे पर्यटनाच्या ठिकाणी दुकानात टांगलेली असते ती. नकली हा शब्द ते वापरत नसत. तेवढी सभ्यता त्यांच्याकडं होती, पण त्या सभ्यतेनं समोरच्याचं रक्त जास्तच उसळायचं.

शेजारचे निवृत्त सुभेदार हंबीरराव यांच्याकडं मात्र फारच वाईट वेळ साधली. हंबीररावांच्या लेकीला बघायला सांगलीहून पाहुणे आले होते. बैठक छान जमली होती. पोहे झाले, मुलीनं नमस्कार केले, आणि हंबीररावांनी भिंतीवरची खुकरी काढून होणाऱ्या व्याह्यांच्या हातात दिली.

"पाव्हणं, ही खुकरी म्हंजी एका गोरखा साथीदाराची निशाणी. बर्फात, रातभर, आमी दोघंच. आगे दुश्मन, पीछे खाई. मरताना त्यानं ही माझ्या हातात दिली, म्हनला, 'साब, अब ये आपकी.'"

व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. होणाऱ्या विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि लालासाहेबांनी, ज्यांना शेजारी म्हणून शोभेला बोलावलं होतं, खिशातून भिंग काढलं.

"मुठीला चौफुली खाचेचा आजकालचा स्क्रू आहे," ते म्हणाले. "आणि इथं खाली बारीक अक्षरात डेहराडूनच्या दुकानाचा फोन नंबर आहे. मोबाइल नंबर. स्मरणवस्तू आहे, सुभेदार. पण चांगली आहे."

खोलीत एवढी शांतता पसरली की आतल्या खोलीत नवरी मुलगी हसली ते सगळ्यांना ऐकू आलं. लग्न मोडलं नाही, कारण मुलाला मुलगी आवडली होती आणि सांगलीकरांना खुकरीशी लग्न लावायचं नव्हतं. पण हंबीरराव त्या दिवसापासून लालासाहेबांशी बोलेनासे झाले. आणि कॉलनीचे अध्यक्ष म्हणून पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचं काम हंबीररावांकडं असल्यामुळे लालासाहेबांच्या नळाला येणारं पाणीही त्यांच्याशी बोलेनासं झालं.

"तुमच्या त्या भिंगातून बघा बरं," संयोगिताबाई रिकामी बादली दाखवत म्हणाल्या, "तळाशी काही दिसतंय का."

ज्यानं दुसऱ्यांची परीक्षा घेतली त्याची कुणीतरी घेणारच. कॉलनीत कुजबुज सुरू झाली, की दुसऱ्यांची खोटी, मग ह्यांचा खंजीर खरा कशावरून? लालासाहेबांनी खंजिराचे फोटो काढून मोबाइलवरच्या जाणकारांच्या ग्रुपवर टाकले. तिथं देशोदेशीचे तज्ज्ञ एकमेकांचा अपमान करण्यासाठी जमलेले असतात. एकानं लिहिलं, मूठ बरोबर आहे पण पातं नंतरचं. दुसऱ्यानं लिहिलं, पातं बरोबर आहे पण मूठ नंतरची. तिसरा म्हणाला, दोन्ही चुकीचं, फक्त म्यान खरं आहे. लालासाहेबांनी तिघांच्या मतांतून हवा तेवढा भाग निवडला. एकाकडून मूठ घेतली, दुसऱ्याकडून पातं, तिसऱ्याकडून म्यान, आणि तिन्ही मिळून पूर्ण अस्सल खंजीर सिद्ध झाला. लोक वर्तमानपत्रं अशीच वाचतात. लालासाहेबांनाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता हे विजयवृत्त कॉलनीपर्यंत, विशेषतः पाण्याच्या व्हॉल्व्हपर्यंत, पोचायला हवं होतं. लालासाहेबांनी गच्चीवर उभं राहून खंजीर मुठीत आवळला, कपाळाला आठ्या घातल्या आणि फोटो काढून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'अस्सल तो अस्सलच! नकलींनी जपून राहावे.'

'नकली' म्हणजे हंबीररावांची खुकरी, हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण नगरपालिकेच्या निवडणुका तोंडावर होत्या. दोन गटांत अस्सल कार्यकर्ता कोण आणि नकली कोण यावरून नुकतीच मारामारी झाली होती. आणि हातात कोयता घेऊन फोटो टाकणाऱ्या पोरांना पोलीस रोज उचलत होते. लालासाहेबांचं स्टेटस फिरत फिरत ठाण्यात पोचलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी यायच्या वेळी, म्हणजे पाणी न येण्याच्या वेळी, दारात हवालदार उभा राहिला.

"लालासाहेब तुमीच का? मॅडमनी बोलावलंय. हत्यार घेऊन चला."

ठाण्यात फौजदार होत्या क्रांतीमॅडम. तरुण, हसऱ्या, आणि हसून बोलणारे पोलीस जास्त भीतिदायक असतात हे त्यांना बहुधा माहीत असावं.

"या काका. हे तुम्हीच ना?" त्यांनी मोबाइल पुढं धरला. "दहशत माजवताय या वयात?"

"मॅडम, मी संग्राहक आहे. मी निवृत्त..."

"बसा. हे बघा, गोष्ट सोपी आहे. खंजीर खरा असेल तर ते हत्यार. मग परवाना नाही, वर धमकीचा मजकूर, गुन्हा दाखल करावा लागेल. आणि नकली असेल, शोभेचा, तर समज देऊन सोडून देते. आता तुम्हीच सांगा. खरा आहे की खोटा?"

लालासाहेबांनी खंजिराकडं पाहिलं. आयुष्यात एकदाच त्यांच्याजवळ एक अस्सल गोष्ट आली होती, आणि ती अस्सल आहे असं म्हटलं की कोठडी.

"तसं म्हटलं तर..." ते म्हणाले.

"तसं नको. सरळ म्हणा. स्टेटसला तर अस्सल तो अस्सलच म्हणताय."

"ते एक आपलं... लिहिण्याची पद्धत..."

"असं करू," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या कॉलनीचे अध्यक्ष बाहेर बसलेत. फौजेतले आहेत, त्यांना हत्यारातलं कळत असेल. त्यांनाच विचारू."

आणि हंबीरराव आत आले. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकांची पट्टी, चालताना बुटांचा आवाज. लालासाहेबांना वाटलं, आता हा माणूस सूड उगवणार. सगळ्या ठाण्यासमोर आपल्या खंजिराला खोटं म्हणणार. अपमान होणार, पण सुटका तरी होणार. त्यांनी मान खाली घालून अपमानाची तयारी केली.

हंबीररावांनी खंजीर दोन्ही हातांत घेतला. उजेडात धरला. डोळे मिटून मुठीवरून बोट फिरवलं आणि एकदम सलाम ठोकला.

"मॅडम, ह्यो अस्सल हाय."

"काय?" लालासाहेब किंचाळले.

"लय म्हंजी लय अस्सल. असला माल मी सर्व्हिसमदी एकदाच बघितला. ह्यानं मानूस असा जातोय बघा, आवाज पन न्हाई. लालासाहेबांसारख्या जाणकार मानसाकडं खोटी वस्तू असंलच कशी? आख्ख्या कॉलनीची हत्यारं त्यांनी खोटी ठरवली. त्यांची नजर हाय, मॅडम. मुलाहिजा करू नका, गुन्हा दाखल करा."

लालासाहेबांना सूड या गोष्टीची पूर्ण कल्पना नव्हती. ती आता आली.

"मॅडम, हा खोटा आहे!" ते उठून उभे राहिले. "शंभर टक्के खोटा! इथं बघा, पात्याची शीर वाकडी आहे. मूठ सगळीकडं सारखीच झिजलीय, म्हणजे कानशीनं घासलीय. गंज बघा, तांबडा! तेजाबाचा गंज! आणि हुंगून बघा, डिंकाचा वास येतोय, दोन ट्यूब मिसळून लावतात त्या डिंकाचा!"

"आवं, कायतर काय," हंबीरराव शांतपणे म्हणाले. "गंज अस्सल हाय. बघा की, किती जुना दिसतोय."

"तुम्हाला काय कळतंय गंजातलं!"

"न्हाई कळत. म्हून तर तुमचं ऐकलं. अस्सल तो अस्सलच."

बोलता बोलता लालासाहेबांना जाणवलं की आपण म्हणतोय ते सगळं खरं आहे. उंब्रजच्या दुकानात दिसायला हवं होतं ते पोलीस ठाण्यात दिसत होतं. भीतीनं माणसाची नजर इतकी साफ होते, हे त्या दाढीवाल्यानं कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं. त्यांनी भिंग काढलं, पात्याच्या बुडाशी धरलं आणि मॅडमपुढं केलं.

"हे वाचा, मॅडम. हा कारखान्याचा शिक्का."

मॅडमनी वाचलं आणि त्यांना हसू आवरेना. हवालदारानं वाचलं, तोही हसला. खंजिरावर इंग्लंडचं नाव कोरलं होतं, पण कोरणाऱ्यानं स्पेलिंगमधला 'ए' टाळून दोन्ही ठिकाणी 'ई' घातला होता. लालासाहेबांनी तो शिक्का पूर्वीही वाचला होता. त्यांना ती जुनी इंग्रजी वाटली होती.

हंबीररावांनीही वाकून वाचलं. "गोऱ्यांत पन अशिक्षित असत्यात की," त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. पण हवालदारानं मूठ जरा पिळली तशी ती पात्यावरून सुटून हातात आली, आणि आत जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा दिसला. महायुद्ध तिथंच संपलं.

"वस्तू नकली असून ती नकली असल्याचे मला मान्य आहे," असं लिहून लालासाहेबांनी खाली सही केली. सही त्यांनी नेहमीच्या लफ्फेदार वळणानं केली. निदान ती तरी अस्सल असावी.

पण प्रकरण तिथं संपायला ते प्रकरण साधं हवं. क्रांतीमॅडमना ही पद्धत फार सोयीची वाटली. निवडणुका, वर दसरा होऊन गेलेला. साताऱ्यात शस्त्रपूजनाचे फोटो स्टेटसला न ठेवलेला माणूस शोधून सापडला नसता. सगळ्यांना बोलावणी गेली, आणि प्रत्येकाला सांगितलं गेलं की वस्तू शोभेची असेल तर कुणा जाणकाराचं तसं लिहून आणा. आता जाणकार म्हणजे कोण? ज्यानं आपलाच खंजीर भर ठाण्यात सगळ्या बाजूंनी खोटा ठरवला, त्याच्यापेक्षा मोठा जाणकार जिल्ह्यात कोण होता?

पहिले आले हंबीरराव. हातात खुकरी, पिशवीत दोन नारळ. बराच वेळ पायपुसण्यावर पाय पुसत राहिले.

"लालासाहेब," ते म्हणाले, "तुमी त्या दिवशी पाव्हण्यांम्होरं जे म्हनला हुता..."

"काय म्हणालो होतो?"

"तेच. ते जरा लिहून पायजे."

"काय लिहू? नीट सांगा. हल्ली मला कमी ऐकू येतं. पाणी कमी पडतंय ना, कान धुणं होत नाही."

हंबीररावांनी इकडंतिकडं पाहिलं. "नकली हाय म्हून," ते हळूच म्हणाले.

"जरा मोठ्यानं!"

"नकली हाय माझी खुकरी!" सुभेदार परेडवर ओरडावं तसे ओरडले, आणि समोरच्या तीन घरांच्या खिडक्या उघडल्या.

त्या दिवसापासून लालासाहेबांच्या नळाला असं पाणी येऊ लागलं की संयोगिताबाईंनी अंगण दोनदोनदा धुतलं. बातमी पसरली. कॉलनीतले, शेजारच्या कॉलनीतले, कोरेगावचे, अगदी सांगलीचे व्याहीसुद्धा आले. लग्नात नवरदेवाच्या हातात द्यायची तलवार घेऊन. गर्दी वाढल्यावर हंबीररावांनी फाटकाशी उभं राहून रांग लावायचं काम घेतलं. ज्यांनी लालासाहेबांना शिव्या दिल्या होत्या तेच आता विनवत होते, "साहेब, जरा कडक लिहा. अगदीच टाकाऊ आहे असं लिहा." एका निवृत्त मास्तरांच्या कट्यारीबद्दल लालासाहेबांनी 'बहुधा नकली' लिहिलं, तर त्यांना बहुधा नको होतं. पूर्णपणे पाहिजे होतं. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या शौर्यकथा लोक दारातच उतरवून ठेवत होते आणि हलके होऊन घरी जात होते. लालासाहेब बैठकीत खुर्चीवर बसत, पंखा चालू, पुढं भिंग. त्यांच्या मनात येई, इतका मान आपल्याला खरं सांगताना कधी मिळाला नव्हता.

तिथंच एका दुपारी हरणाबाई आली. वडूजच्या पुढच्या माळावरची, उन्हानं काळी पडलेली, हिरवं लुगडं, हातात गवताची पेंढी बांधायच्या सुतळीनं बांधलेलं गाठोडं. रांगेतल्या लोकांनी जरा अंग चोरलं. तिच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता.

"रामराम, सायेब. सर्टिफिकिट देनारं तुमीच न्हवं?"

"मीच. बसा, आजी. काय आणलंय?"

"माज्या नातवानं, मल्हारनं, बिरोबाच्या जत्रंत ह्यो कंबरंला खवून फोटू काढला आन मोबाइलवर टाकला. आता पोलिसांचं बोलावनं आलंय. पोरगं मिल्ट्रीच्या भरतीत पळन्यात पास झालंय, सायेब. केस झाली तर त्येला घेनार न्हाईत. ह्यो खोटा हाय म्हून ल्हेवून द्या."

लालासाहेबांनी सवयीनं चुंबक उचलला आणि गाठोडं सोडलं. मग चुंबक खाली ठेवला.

शिंगाची मूठ होती. जुनं शिंग वाळून आक्रसतं तशी ती दोन्ही बाजूंनी धातूपासून केसभर मागं सरली होती. जिथं अंगठा टेकतो तिथं खोलगट झीज होती, दुसरीकडं कुठंच नव्हती. पात्यावर परकी अक्षरं होती, खोल आणि बिनचूक. म्यानाच्या तोंडावर आणि पात्याच्या बुडाशी एकच बारीक खूण होती. कुठं डिंक नाही, स्क्रू नाही, तेजाब नाही. लालासाहेबांनी भिंग डोळ्याला लावलं, काढलं, शर्टाच्या टोकानं पुसलं आणि पुन्हा लावलं. इतके दिवस मोबाइलवर दाढीवाल्याच्या हातात बघितलं होतं, ते आज आपल्या टेबलावर होतं.

फक्त पातं निम्मं उरलं होतं. एका बाजूनं झिजून झिजून ते विळ्यासारखं आत गेलं होतं.

"हे असं कशानं झालं, आजी?"

"खुरं तासून. मेंढरांची खुरं वाढत्यात न्हवं पावसात? मामंजींपास्नं ह्याच्यानंच तासतो. लय चांगलं पोलाद हाय, धार धरतंय."

"कुणाचा हा?"

"माज्या मामंजींचा. अर्जुना नाव. मोठ्या लढाईत पलटनीसंगं इटलीत गेलं हुतं."

"शत्रूला मारून आणला?" लालासाहेबांनी विचारलं. 

हरणाबाई हसली. "कुनाला मारत्यात! कैदी पकडल्यालं, त्येंच्यावर राखन करायला ठेवलं हुतं मामंजींना. त्यातल्या एकाला लय भूक लागल्याली. मामंजींनी आपल्यातली भाकरी दिली. त्यानं लपवून ठेवल्याला ह्यो काढून दिला. मामंजी म्हनायचं, त्येला कळंना काय द्यावं, मला कळंना काय करावं, म्हून घेतला."

लालासाहेबांनी कागद ओढला. पेन उचललं. ते कितीतरी वेळ तसंच राहिलं. ह्या टेबलावर आजवर त्यांनी जेवढं 'नकली' लिहिलं होतं ते सगळं खरं होतं, आणि त्याचा त्यांना कधी त्रास झाला नव्हता. आता पहिल्यांदा खोटं लिहायचं होतं. मनात आलं, हा आपण ठेवून घ्यावा, जगाला दाखवावा, त्या दाढीवाल्याला फोटो पाठवावा. तिघं तज्ज्ञ काय, तीस आले तरी बोट ठेवायला जागा नाही. आणि खरं लिहिलं तर सातारा जिल्ह्यातला खरा पारखी म्हणून आपलं नाव, आणि मल्हारवर केस.

त्यांनी लिहिलं. एरवी लफ्फेदार येणारी सही कशीबशी आली.

"वाचून दावा," हरणाबाई म्हणाली. "मला वाचाय येत न्हाई."

"सदर वस्तू..." लालासाहेब वाचू लागले, "सदर वस्तू पूर्णपणे नकली असून तिला कोणतेही ऐतिहासिक मूल्य नाही."

हरणाबाईनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "त्यात मामंजींचं नाव ल्हेवलंय का?"

"नाही."

"मग आसू द्या." तिनं कागदाची घडी करून चोळीत खोवली आणि खंजीर पुन्हा सुतळीनं बांधायला घेतला.

लालासाहेबांना राहवेना. ते उठून तिच्याजवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आजी, आता ह्याला धार लावू नका. अजिबात घासू नका. एखाद्या काचेच्या पेटीत ठेवा, कोरड्या जागी."

"आन मेंढरांची खुरं कशानं तासू? तुमच्या सर्टिफिकिटानं?"

वडूजची गाडी चुकेल म्हणून ती घाईनं निघाली. फाटकापाशी हंबीररावांनी तिला वाट करून दिली आणि ती गेल्यावर बैठकीत डोकावले. मागं रांगेतले सगळे माना उंचावून बघत होते.

"काय हो लालासाहेब, लय वेळ लावलात. म्हातारीचं काय निघालं?"

लालासाहेबांनी भिंग खाली ठेवलं. ओठांवर आलेली एक गोष्ट त्यांनी गिळली. ती गोष्ट सांगायला त्यांनी एरवी वाटेत कुणालाही थांबवलं असतं.

"नकली," ते म्हणाले.

"वाटलंच मला," हंबीरराव मान हलवत म्हणाले. "तिच्या एकंदर अवताराकडं बघूनच कळत हुतं. चला, नेक्स्ट!"